समुद्रात उतरण्याआधीचा पदर

अंदमानला जायचं ठरलं तेव्हा बायकोने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. समुद्रात डोकं घालून मासे बघायचे. बाकी कुठे फिरवायचं, काय खाऊ घालायचं, ते माझं मी बघावं.

तिचं माहेर तापीकाठचं. उन्हाळ्यात नदीपात्रातल्या वाळूवर टरबुजांच्या वाड्या लागत, आणि ती पोहत पलीकडे जाऊन टरबूज पाण्यातून ढकलत आणी. मग लग्न होऊन ती आमच्याकडे, धानोऱ्याला आली. आमच्याकडे विहिरी आहेत, बोअर आहेत, आणि मुख्य म्हणजे सासर आहे. त्यानंतर ती पाण्यात उतरली नाही. मला तर पोहताच येत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढलो. तिथे पोहणं अभ्यासाला नव्हतं.

नंदुरबारच्या ट्रॅव्हल एजंटने रंगीत पत्रक दिलं. त्यात पाण्याखालचे मासे होते, वल्ह्यांची होडी होती आणि ‘मार्गदर्शकासह जंगलात पायी भ्रमंती’ होती. मी ते घरी नेऊन अभिमानाने टेबलावर ठेवलं. तिथे ते दादाच्या हाती लागलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी वसतिगृहात राहून शिकलो तेव्हा शेतातली माझ्या वाट्याची मेहनतही त्यानेच केली. आज मी शाळेत शिक्षक आहे तो त्याच्यामुळे, हे मी मनापासून मानतो. विसरलोच, तर तो आठवण करून देतो.

“तू शिकना, साहेब व्हयना,” पत्रक उलटसुलट करत तो म्हणाला. “आते अंदमान जाई ऱ्हायना. आमले कोन नेस?”

“तू पण चल ना, दादा,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

“हाई पायी चालानं काय शे? मोलगी गावनी जीप भरी गयी का लोके पायीच चालतस.” पण तो खुश झाला होता. वहिनीला हाक मारून त्याने सांगूनही टाकलं.

स्वयंपाकघरात बायकोने भांडं जोरात आपटलं.

आमच्याकडे धाकटी सून थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्याच्याशी थेट बोलतही नाही. मध्ये कुणीतरी लागतं. आता पदर सांभाळून पोहायचं कसं, याचं शिक्षण मलाही मिळालेलं नव्हतं. आमच्या घरातल्या मंडळींनी मात्र लगेच विचार सुरू केला. वहिनी म्हणाली, डोक्याला टॉवेल घट्ट बांधावा. दादाने सरळ निकाल दिला.

“तिले सांग,” तो मला म्हणाला. ती दाराआड, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ उभी होती. “समुद्र काठवरथीन बी देखास. बाया बॅगा संभाळतीन.”

मी दाराकडे वळून म्हणालो, “दादा म्हणतो, समुद्र काठावरूनही दिसतो.”

“आयकं मी,” आतून आवाज आला. “त्यासले सांगा, तुमी दोन्ही भाऊ जाई या. बॅगा बी तुमीच संभाळा. मी माहेरले जास.”

“ती म्हणते...”

“आयकं,” दादा म्हणाला.

मी एम.ए. आहे. त्या दिवशी दोन माणसांमधल्या दाराइतकाही माझा उपयोग नव्हता.

मी बायकोची बाजू घेतली तर कृतघ्न ठरणार होतो. दादाची घेतली तर तिने मागितलेली एकुलती एक गोष्ट बुडणार होती. म्हणून मी अत्यंत विचारपूर्वक पत्रकातली होडी बघत बसलो.

दादाने पत्रकात माशांशेजारी तरंगणाऱ्या जाकीटवाल्या माणसावर बोट ठेवलं. “तिले इचार, ते जाकीट घालं तं माणूस बुडत नही ना?”

मी तोंड उघडलं. त्याआधीच दाराआडून उत्तर आलं. माझ्यासाठी नव्हतंच ते.

“नही बुडत, दादा. पानीच वर धरस.”

इतक्या वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली होती. दादाने मिशीवरून हात फिरवला. छताकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. आणि दाराशी बोलला.

“मंग उतर तू. मी दुसरीकडे तोंड करी बठसू.”

आत वहिनी खुदकन हसली. बायको हसली नाही, तिने फक्त सगळ्या वेळेची खात्री करून घेतली, “बठ्ठा येळ?”

“बठ्ठा येळ.”

दुसऱ्या दिवशी मी एजंटकडे गेलो. बायकोच्या नावापुढे त्याने मासे लिहिले. वहिनीने होडी सांगितली होती, ती लिहिली.

“आणि मोठे भाऊ कशात भाग घेणार, सर?”

“ते काठावर बसतील. समुद्राकडे पाठ करून.”

तो हसेल असं वाटलं होतं. त्याने पेन टेकवून गंभीरपणे विचारलं, “सावलीत खुर्ची सांगून ठेवू का?”