तिने निवडलेली वाडी

निराधारांचे सरकारी पैसे सुरू झाले आणि माझ्या पानवाडीत वर्षानुवर्षे राबलेली ती आळसावली, असे सारे बोळिंज गाव म्हणते. ते साफ खोटे आहे. ती आजही सकाळी केळीच्या खोडाच्या सालीने पानवेली बांधते, अखंड बोलत बांधते. फक्त माझी वाडी सोडून आता शेजाऱ्याच्या वाडीत जाते.

एकदा मी कुंपणावरून विचारले, "आमच्या वेलींनी काय घोडं मारलंय?"

"वेलींनी नाय, दादा. तुमच्याकडं बोलायची बंदी. पोटासाठी गप रायले. आता थोडं सरकार देतंय, मंग तोंड कशाला बांधून घेऊ?"

तेवढ्यात शेजाऱ्याने एक विनोद केला आणि ती कंबरेवर हात ठेवून मनसोक्त हसली. माझ्या वाडीत ती इतक्या वर्षांत तशी हसली नव्हती. शेजाऱ्याचा विनोद अगदीच सुमार होता, हे मात्र नमूद केलेच पाहिजे.