दाजींच्या गालावरची पुळी आणि सुप्याची वाट

सुप्याला हौसेने जाणारा माणूस मी तरी पाहिला नाही, आणि मीही हौसेने गेलो नाही. बेळगावात माझं दाढीच्या सामानाचं लहानसं दुकान आहे. दिवाळीत धाकट्या बहिणीच्या, म्हणजे तानूच्या नवऱ्याला मी दाढीच्या क्रीमची ट्यूब आणि एक ब्रश भेट पाठवला होता. पुढे मार्गशीर्षात वर्तमानपत्रात वाचलं की परदेशात घोड्याच्या केसांच्या काही ब्रशांतून जनावरांचा फाशी रोग माणसांना होतो आहे. गालावर पुळी उठते, मधोमध काळी पडते आणि थोड्याच दिवसांत माणूस जातो. ती दुखत नाही, हीच तिची खूण. त्याच आठवड्यात सुप्याचा एक लाकूडवाला दुकानात आला आणि सहज बोलून गेला, "तुमच्या दाजींच्या गालावर केवढी पुळी उठलीया!" मी गिऱ्हाईक तसंच सोडून दुकानाला कुलूप लावलं.

सुप्याला जायचं तर बेळगावहून सकाळच्या गाडीने लोंढ्याला उतरावं. भाकरी घरूनच बांधून न्यावी, स्टेशनावरच्या भज्यांचा मला भरवसा नाही. गाडीच्या डब्यात माझ्या मांडीवर दाजींसाठी घेतलेला नवा ब्रश आणि साबणाची वडी होती. ते पाहून समोर बसलेल्या एका शाळामास्तरांनी विचारलं, "कुठल्या साबणाला कुठला ब्रश घ्यावा हो?"

एरवी या विषयावर मी खानापूर येईपर्यंत बोललो असतो. त्या दिवशी जीव थाऱ्यावर नव्हता, पण सवयीने उत्तर दिलं. "वडीच्या साबणाला राठ ब्रश लागतो, डुकराच्या केसांचा. जोर देऊन घासलं तरच फेस सुटतो. क्रीम मुळातच मऊ, त्याला पाणी धरून ठेवणारा मऊ ब्रश हवा. बॅजर नावाच्या विलायती जनावराच्या केसांचा सगळ्यात चांगला, पण तो फार महाग पडतो."

"आणि घोड्याच्या केसांचा?"

"मऊ असतो आणि परवडतो," मी म्हणालो आणि खिडकीबाहेर बघू लागलो.

खरं तर दुकानात साबणाच्या वड्या आणि डुकराच्या केसांचे उत्तम ब्रश पडले होते. पण घरच्या जावयाच्या तोंडाला डुकराचे केस कसे लावायचे, असं मनात आलं आणि मानपान सांभाळून मी घोड्याचा निवडला होता.

लोंढ्याहून पुढे बैलगाडी. भाडं आधी ठरवावं आणि गाडीत गवत भरपूर घालून घ्यावं, नाहीतर जगलबेटपर्यंत कंबर राहत नाही. दोन्ही बाजूंना सागाचं आणि बांबूचं रान, ऊन खाली पोचायला धडपडत असतं. फार सुंदर मुलूख आहे म्हणतात. मला मात्र काळी पुळीच दिसत होती. मी सारखा "जरा लवकर" म्हणू लागलो, तेव्हा गाडीवान वैतागला.

"बैलं हायती ही, आगीनगाडी न्हवं. सुप्यात कोण आजारी हाय काय?"

"बहिणीचा नवरा."

त्याने बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. मुक्काम जगलबेटला त्याच्याच सोयऱ्यांकडे झाला. त्यांनी तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं आग्रहाने वाढलं. मी मात्र सकाळी गाडी कधी जुंपणार, तेच विचारत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत सुपं आलं. काळी नदीच्या अलीकडेच तानूचं घर. दाजी पडवीत बसले होते, गालाला फडकं बांधलेलं. मी पायही न धुता विचारलं, "दाजी, दुखतंय का?"

"छ्या! काय न्हाई. या, बसा. तानू, पावणं आल्यात, पाणी आण!"

"जरासुद्धा दुखत नाही?"

"जरा बी न्हाई." त्यांनी हसत फडकं बाजूला केलं. पुळी सुपारीएवढी होती आणि मधोमध काळीभोर.

तानू पाणी घेऊन आली, आई-वहिनी कशा आहेत विचारू लागली. मी काय उत्तरं दिली ते मला आठवत नाही. बेळगावला न्यावं तर वाटेत काय होईल? तानूला काय सांगू? न दुखणारी पुळी, आणि ती मी भेट म्हणून पाठवलेली. देवा, या माणसाला दुखू दे, एवढंच मी मनात म्हणत बसलो.

जेवणं झाल्यावर दाजींची आई गरम पोटीस घेऊन त्यांना आत घेऊन गेली, आणि लगेच घर दणाणून सोडणारी आरोळी आली, "आई गं! मेलो, मेलो!"

मी आत धावलो. दाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुळीतून पू. काळं होतं ते म्हातारीने सकाळी लावलेल्या लेपाचं. "रोज आसाच बोंबलतोय," ती म्हणाली, "पावणं दिसलं की तेवढा गप."

मी मोठ्याने हसलो. हात जोडले आणि पुन्हा हसलो.

"अण्णा, माझा नवरा रडतोय आन् तू हसतोस?" तानू कडाडली. मग मी सगळं सांगितलं. तिने उठून तो घोड्याच्या केसांचा ब्रश आणून चुलीत टाकला. घरभर जळक्या केसांचा वास पसरला.

"मग मघाशी दुखत नाही का म्हणालात?" मी दाजींना विचारलं.

"बायकूच्या भावाम्होरं रडू व्हय?"

मी भीतभीतच डुकराच्या केसांचा ब्रश आणि वडी पुढे केली. त्यांनी केस तळहातावर घासून पाहिले. "हे झ्याक हाय. डुकरं तर आमच्या शेतातच फिरत्यात."

दुसऱ्या सकाळी गाडी जुंपली. तानू निरोप द्यायला आली.

"तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीया? बरी हाय की."

या घरात 'बरी हाय'चा अर्थ काय, ते मला आदल्या दिवशीच कळलं होतं. मी तिच्या कपाळाला हात लावला. चटका बसला. दाजी खाली बघत म्हणाले, "दसऱ्यापासनं एकाआड एक दिवस हुडहुडी भरतीया. तुमास्नी सांगू नगा म्हणाली. घिऊन जावा तिला." ती नको नको म्हणत होती, तरी मी तिला गाडीत बसवलं.

आता बेळगावात घोड्याचे सगळे ब्रश मी दुकानातून काढून टाकले आहेत. सुप्याला जाल तर काळी नदीचं पाणी जरूर अनुभवा, त्यात साबणाला काय सुरेख फेस येतो, असं दाजी सांगतात. पण हिवतापावरचं क्विनीन बरोबर ठेवा.

तानू आतल्या खोलीत निजून असते. डॉक्टर येऊन जातात. आल्यापासून काही विचारलं की "बरी हाय" एवढंच ऐकू यायचं. आज सकाळी मी दारातून विचारलं, "कसं वाटतंय?"

तिने कूस वळवली. मग म्हणाली, "अण्णा, डोकं लई दुखतंय रे."

मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि तिचं डोकं दाबत राहिलो.