फक्कीचं घर

"दारातनं या की पावणं! भिंतीतनं कुठं घुसताय?"

तो असं ओरडायचा तेव्हा तिथं दार नव्हतं आणि भिंतही नव्हती. पन्हाळ्याच्या रस्त्याला, उसाच्या शेतांपलीकडं त्यानं घेतलेला रिकामा प्लॉट होता आणि त्यावर खो-खोच्या मैदानावर मारतात तशा फक्कीच्या रेघा. सोपा, माजघर, स्वयंपाकघर. रविवारी नवरा-बायको तिथं जात, तीन दगडांवर चहा करत आणि स्वयंपाकघराच्या चौकोनात बसून डबा खात. रेघ ओलांडून आत येणाऱ्याला तो खरोखर बाहेर पाठवायचा.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आपल्याच शेजारच्या टेबलावर बसतो, आपल्याइतकाच पगार घेतो आणि आपल्यापेक्षा सुखी असतो. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

बोनस झाला की आम्ही रेडिओ बघायला जायचो. त्यानं आधी प्लॉट घेतला आणि मग दर बोनसला सरकारी रोखे. "जमीन पळत न्हाय आन् रोखा झोपत न्हाय," म्हणायचा. "रोख्यांची मुदत भरली की त्याच पैशात भिंती उभ्या करायच्या. कुणाचं कर्ज न्हाय, काय न्हाय."

शेजारचा प्लॉट मी घ्यावा म्हणून तो माझ्या मागं लागला होता. "माळावर कोण राहतंय?" म्हणून मी हसलो. पुढं वस्ती तिकडं सरकली, भाव चढले. घरी बायको म्हणायची, "त्यांच्याकडनं शिका जरा." मी ताटावरून उठायचो. माझं घर पक्क्या भिंतींचं होतं, पण तीन भावांत वाटलेलं. पलीकडची धुसफूस रोज ऐकू यायची.

रोख्यांची मुदत भरायच्या आधीच तो गेला. ऑफिसातच छातीत कळ आली. व्याजावर वहिनींचं बरं चाललं. त्याचं गणित मेल्यावरही बरोबर निघालं, याचासुद्धा मला हेवा वाटला.

वर्षभरानं वहिनी म्हणाल्या, "भावजी, प्लॉट इकायचा हाय. एकटी तिथं काय करू? परक्याला देण्यापरीस तुम्हीच घ्या की."

इतकी वर्षं डोळ्यांत सलत होतं, तेच हातात येत होतं. मी रविवारीच सायकल काढली.

रेघा पावसानं कधीच पुसल्या होत्या. गुडघाभर गवत माजलं होतं, त्यात चुलीचे तीन दगड तेवढे दिसत होते. आता हे माझं, असं म्हणत मी सरळ आत शिरायला पाय उचलला आणि तसाच मागं घेतला.

मग गवतातून वळसा घालून, दार होतं तिथून आत गेलो.