बोटावरचा तांबेरा

“बोट.”

एवढंच. नाव नाही, अरे नाही. साहेब ‘बोट’ म्हणाले की मी हात पुढे करायचा. टेबलापासून दोन पावलं लांब उभं राहून. ते नाकाला रुमाल लावून माझ्या बोटाकडे बघायचे आणि गव्हाच्या रोगाचं नाव सांगायचे. मी लिहून घ्यायचं.

मुलुंडला एका बियाणे कंपनीची छोटी प्रयोगशाळा होती. नाशिककडच्या शेतांतून गव्हाची रोगट रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून तिथे यायची. वाटेतच कुजायची. पुडकं सोडलं की खोलीभर सडका वास. साहेबांना तो सोसत नसे. सोडायचं काम माझं. रोपावर घासायचं बोटही माझं.

तांबेरा आला की गव्हावर विटकरी फोड येतात, बोट फिरवलं की पूड लागते. हे कुठलाही शेतकरी ओळखतो. पण तांबेऱ्यातही प्रकार आहेत. पानावरच्या नारिंगी तांबेऱ्याने पीक रोडावतं. खोडावरचा काळा तांबेरा उभं पीक आडवं करतो. फरक कळायला रोप डोळ्याजवळ धरावं लागतं, पूड मायक्रोस्कोपखाली बघावी लागते. बोटावर सगळा तांबेरा सारखाच दिसतो.

मायक्रोस्कोप होता. पितळी, मखमली खोळीत. पाहुणे आले की खोळ निघायची. पहिल्याच आठवड्यात मी ती काढायला गेलो, तर साहेब हसून म्हणाले, “राहू दे. तुमच्या वस्तीत डोळे येण्याची साथ असते ना? उगीच सगळ्यांना लागायची.”

जातीचं नाव काढलं नाही. सुधारलेले गृहस्थ. अस्पृश्यता कायद्याने गेली होती, ती त्यांनी डोळ्यांच्या साथीत ठेवली.

आणि मी काय म्हणालो? “बरोबर आहे, साहेब.”

हे लिहिताना किळस येते. साहेबांची नाही, माझी. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वडील रस्त्याची खडी फोडायचे. नोकरी लागली तेव्हा मी साहेबांना आभाराचं पत्र लिहिलं होतं. तालुक्याच्या शाळेत मास्तरांनी शिकवलं तसं, समास सोडून, सुवाच्य. आठ महिने मी बोट दाखवत होतो आणि आभारी होतो.

आमचे शिपाई तात्या मालवणचे. एकदा हात धुताना शेजारी येऊन हळूच म्हणाले, “तू येवढो शिकलस, आणि बोटां दाखवतस? माका बघूक लाज वाटता.”

मी त्यांच्यावर चिडलो. खरं बोलणाऱ्यावरच चिडलो.

मग कंपनीच्याच बीजप्लॉटातून पुडकं आलं. कंपनीच्या मालकाने, शेठने, त्या बियाण्याची जाहिरात छापून घेतली होती: ‘याला तांबेरा येत नाही.’ पोती विकायला निघायची होती, फक्त आमचा दाखला हवा होता. मी गोणपाट सोडलं. खोडाची साल फाटून चिंध्या झालेल्या. बोट फिरवलं.

“बोट.”

मी हात पुढे केला.

“पानावरचा. किरकोळ आहे. लिही.”

“साहेब, ही पूड खोडावरची आहे. साल फाटलीय. एकदा रोप बघा.”

“घाण इकडे आणू नकोस. मला शिकवतोस? तुझं काम बोट दाखवायचं.”

त्या क्षणी मला माझाच हात परका वाटला. कुणीतरी मेजावर ठेवलेली वस्तू. मी तो मागे घेतला.

“बोट दाखवणार नाही,” मी म्हणालो. “काचेखाली बघतो.”

खोळ काढली. पूड पाण्याच्या थेंबात कालवली, काच खाली सरकवली, डोळा लावला. नारिंगी तांबेऱ्याचे कण गोल असतात. हे लांबट होते. झाडून सगळे लांबट.

“काळा तांबेरा आहे, साहेब.”

वहीत तसंच लिहिलं. खाली माझी सही, सहीपुढे माझी पदवी. हात ओलेच होते. पानभर विटकरी डाग पडले, कुजका रस लागला.

“ते पान फाड.”

“तुम्ही फाडा. माझ्या हाताने फाटणार नाही.”

साहेब उठले. वहीवर वाकले. हात निम्म्यावर थांबला. त्या पानाला बोट लावणं त्यांच्याच्याने होईना. रुमाल तोंडावर दाबून ते मागे सरले आणि ओरडले, “तात्या! स्पिरिट आण. डोळा लावायची काच पूस आधी.”

तात्यांनी पुसली. माझ्याकडे बघितलं नाही.

“उद्यापासून तुझी गरज नाही,” साहेब म्हणाले.

“ते शेठ सांगतील. ही वही मीच त्यांच्यापुढे नेऊन ठेवणार आहे.”

मग मी पुन्हा वाकलो. स्पिरिट वाळलं नव्हतं. डोळा झोंबला, पाणी आलं. तरी लावला.

मला कुणी इथे आणून बसवलेलं नाही. मी शिकून आलोय. आता आभार नाहीत. जे दिसेल ते लिहीन, नावानिशी लिहीन. ते जितक्या वेळा काच पुसतील, तितक्या वेळा मी डोळा लावीन.