माशाच्या पोटातला माणूस

भिकन गेल्याचा फोन आला तेव्हा मी संगणकावर साडीचा काठ जुळवत होतो. त्याला दीड महिना झाला. वाईट वाटायच्या आधी मनात आलं, आता तरी माझं डिझाइन पास व्हायला आधी त्याला दाखवावं लागणार नाही… हे लिहायला लाज वाटते. पण त्याच्याविषयी खरं लिहायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी.

आम्ही दोघं धुळ्याकडचे, सुरतेत बमरोलीच्या एकाच साड्यांच्या प्रिंटिंग मिलमध्ये. मी चित्रकलेची पदविका घेतलेला डिझायनर. तो नववी नापास, रंग कालवणारा कलर मास्टर. माझ्या फुलाकडे पाहून तो एखादा शब्द बोलायचा, आणि त्यावरूनच शेठ माझ्याकडे न बघता होय-नाही ठरवायचे.

काही वर्षांपूर्वी मिशनच्या शाळेतल्या चित्रकला शिक्षिका ग्रेसबेन यांनी प्रदर्शन भरवलं होतं. मी भिकनला घेऊन गेलो, खरं तर माझं ज्ञान दाखवायला. एका मोठ्या चित्रात बायबलातला योना होता… देवाची आज्ञा टाळून जहाजातून पळालेला, समुद्रात फेकला गेलेला, मोठ्या माशानं गिळलेला. पण ग्रेसबेननी माशाच्या पोटात खोली रंगवली होती. फासळ्यांवर कपडे वाळत घातलेले, छताच्या जागी पाणी, पाण्यात एक गल्ली उलटी लटकलेली, आणि मधोमध स्टुलावर बसून योना बशीतून चहा पीत होता. मी अतिवास्तववाद समजावून सांगितला. कैद, अपराध, अंधार असं बरंच बोललो. भिकन चित्राच्या कोपऱ्याशी वाकला होता.

"भो, हाऊ घाबरेल नई शे," तो आमच्या अहिराणीत म्हणाला. "चपला काढी ठेयेल शेतस त्यानी. माणूस जठे ऱ्हावाना ऱ्हास, तठेच चपला काढस. आते याले भ्याव एकच, मासानी बाहेर थुकी दिधं तर?"

"शुं कह्युं एमणे?" ग्रेसबेननी विचारलं. मलाच ते गुजरातीत सांगावं लागलं: माणूस राहायचं असतं तिथेच चपला काढतो, याला आता भीती एकच, माशानं बाहेर थुंकलं तर? त्या स्वतःच कोपऱ्यातल्या चपलांशी वाकल्या. मग म्हणाल्या, गाव सोडून सुरतेत आल्यावर हे चित्र काढलं, पण त्या चपला आजवर कुणी पाहिल्याच नव्हत्या. त्यांनी भिकनला खुर्ची दिली. मी उभाच होतो.

पुढे एका वाचनालयात माझं व्याख्यान झालं. तिथे मी ती चपलांची गोष्ट सांगितली, मलाच सुचलेली म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या रांगेत बसलेल्या भिकननंही वाजवल्या. परतताना स्कूटरवर मागून एवढंच म्हणाला, "चांगला बोलना भो." त्यानं कधीतरी टोमणा मारावा म्हणून मी वर्षानुवर्षं वाट पाहिली. त्यानं मारला नाही.

दहाव्यानंतर कोसाडला त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या बायकोला, विमलवहिनींना, सगळं सांगून टाकलं. त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला. "माले माहीत शे. त्या बठ्ठास्ले सांगेत, भाऊनी मनी गोष्ट मोठला लोकेस्मा सांगी." भाऊनं माझी गोष्ट मोठ्या लोकांत सांगितली, असं तो सगळ्यांना अभिमानानं सांगायचा म्हणे. ते ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं… पण मला त्याच्या मोठ्या मनाचाही हेवाच वाटला.

मिलच्या रंगखोलीत, वजनकाट्याशेजारच्या भिंतीवर तो रंग तपासून बोट पुसायचा. बोटांचे शेकडो फराटे आहेत तिथे. नव्या कलर मास्टरनं चुना मारायचा म्हटलं, तर मी शेठना नको म्हणालो. परवा त्यातल्या एका गुलाबीपाशी बराच वेळ उभा राहिलो. त्यात भिकननं काय कालवलं होतं ते मला ओळखता आलं नाही. नव्या मास्टरला विचारलं. त्यालाही आलं नाही, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.