बॅटरीला कुंकू

आमच्या सुनेची ड्रिल मशीन मी भक्तीने बंद पाडली.

(हे एवढंसं वाक्य कबूल करायला मला सहा तास लागले. त्या सहा तासांत मी एका धडधाकट बॅटरीचा जीव घेतला, विहीणबाईंसमोर सुनेची अक्कल काढली आणि भर ब्यूटी पार्लरमध्ये तोंड लपवायला जागा शोधली. तेव्हा पहिल्यापासूनच सांगतो.)

नेपानगरच्या पेपर मिलमध्ये मी चौतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. तिथे मला सगळे 'उस्ताद' म्हणायचे. कौतुकाने म्हणायचे की चेष्टेने, हा प्रश्न मला रिटायर होईपर्यंत पडला नाही. आता आम्ही बुऱ्हाणपुरात राहतो. मुलगा नोकरीनिमित्त बाहेर असतो आणि सून अश्विनी घरोघरी जाऊन पडद्यांचे रॉड, आरसे, शेल्फ बसवून देते. दिवाळसणाला तिच्या आईने, म्हणजे रावेरच्या आमच्या विहीणबाईंनी विचारलं, "पैठणी घेऊ का?" तर ही म्हणाली, "साडी नको आई, बॅटरीवाली ड्रिल घे." आणि त्या माउलीने घेतली! एक मशीन, दोन बॅटऱ्या, एक चार्जर. वायर नावाला नाही. उभा जन्म वायरींमध्ये काढलेला माणूस मी. त्या मशीनवर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास बसला नव्हता.

गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अश्विनीचं पहिलं मोठं काम होतं. सिंधीपुऱ्यातल्या रेखाभाभींच्या नव्या पार्लरचं उद्घाटन दुपारी चारला होतं आणि त्याआधी चार मोठे आरसे आणि नऊ शेल्फ भिंतीवर चढायला हवे होते. दोन मिस्त्री भाभींना तारखा देऊन गायब झाले होते. त्या अश्विनीला म्हणाल्या, "अब तेरेच भरोसे पे हूँ. हे टाइमवर झालं ना, तर माझ्या बहिणीच्या दुकानाचं पण काम तुलाच." लेकीचा हा पराक्रम बघायला विहीणबाई मुद्दाम दोन दिवस आधीच रावेरहून आल्या होत्या.

आणि मध्ये आला दसरा. म्हणजे हत्यारांची पूजा. मिलमध्ये दसऱ्याला मोटरींना आणि पॅनेलना हळदकुंकू लावायचा मान माझा असे. (पॅनेलची दारं त्या दिवशी साहेब कुलूप लावून बंद ठेवत. का, ते आता कळतं.) मी पाटावर माझा टेस्टर, पक्कड, हातोडी मांडली, मधोमध ड्रिल ठेवली आणि तिच्या बॅटऱ्या काढून दोन्ही बाजूंना ठेवल्या.

"अहो, वरूनच बोट लावा ना," आमची सुमन म्हणाली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिचं ऐकायची सवय मला असती, तर हा लेख लिहावाच लागला नसता.

"वरून? शक्ती बॅटरीत असते आणि कुंकू प्लास्टिकला लावू?"

मी चांगलं ओलं हळदकुंकू कालवलं आणि अनामिकेने दोन्ही बॅटऱ्यांच्या खाचांत, जिथे करंट जायच्या पट्ट्या असतात तिथे, आतपर्यंत लावलं. चार्जरलाही लावलं. मशीनच्या पोटात बोट घालून तिथल्या पट्ट्यांनाही लावलं. कुणी राहून जायला नको! मग सगळं जागच्या जागी जोडून हात जोडले. दसऱ्याला हत्यार चालवायचं नसतं, म्हणून मशीन दिवसभर पाटावर बसून राहिली आणि आतलं कुंकू निवांत वाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला अश्विनीने बटण दाबलं. मशीन गप्प! उलटं-सुलटं फिरवायची कळ मध्येच अडकली नाही ना, ते तिने पाहिलं. दुसरी बॅटरी लावली. तीही गप्प. चार्जरवर ठेवली, तर लाल दिवा नुसता लुकलुकायला लागला.

"सरक," मी म्हणालो. मीटर आणला, टोकं पट्ट्यांना टेकवली. शून्य. दुसऱ्या बॅटरीला टेकवली. शून्य!

"सेल बसले," मी निकाल दिला.

"बाबा, दोन्ही एकसाथ कशा बसतील?"

"जोडीने आल्या, जोडीने गेल्या."

"पण परवाच तर फुल चार्ज करून ठेवल्या मी."

"हां! तेच तर! जास्त चार्ज करून जाळल्यास. आजकालच्या पोरींना मशीन घ्यायची हौस असते, सांभाळायची अक्कल नसते."

विहीणबाई तिथेच चहा पीत होत्या. अश्विनीने माझ्याकडे पाहिलं नाही, आईकडे पाहिलं. विहीणबाईंनी अर्धा कप तसाच खाली ठेवला. आजही जेवताना मध्येच ते आठवतं.

पण तेव्हा अंगात उस्ताद संचारला होता. भाड्याने ड्रिल देणारं दुकान दसऱ्याच्या सुट्टीमुळे त्या दिवशीही बंद. म्हणून अश्विनी चार्जर पिशवीत टाकून, भिंतीवर निदान खुणा तरी करून ठेवते म्हणून पार्लरला गेली, आणि मी अंगणात एक बॅटरी फोडायला बसलो. तिचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे, आपल्या पेचकसाला दाद न देणारे. मी छिन्नी लावली. आत पाच सेल, पत्र्याच्या पट्ट्यांनी जोडलेले. त्यातली एक पट्टी उचकटायला पेचकस घातला मात्र, फट्ट! ठिणगी उडाली, धूर निघाला, मी किंचाळून बॅटरी भिरकावली आणि तुळशीआड उडी मारली. सुमन पाणी घेऊन धावली. विहीणबाईंनी तिला थांबवलं, शेजारच्या बांधकामाच्या ढिगातली घमेलंभर रेती त्या धुरावर ओतली आणि पदर झटकला.

"व्याहीबुवा, एक विचारू का? सेल मेलेले होते ना?"

"हो."

"मग एवढी आग कुठून निघाली हो?"

मी म्हणालो, "शेवटचा श्वास."

उरलेली बॅटरी आणि मशीन घेऊन मी शनवारा बाजारातल्या सलीमभाईंकडे गेलो. जळालेल्या मोटरी नव्या तारेने बांधण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी चष्मा वर करून खाचेत पाहिलं, मग वास घेतला.

"उस्ताद, इसमें तो हल्दी-कुमकुम भरा है. करंट जाएगा किधर से?"

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मला शनवाऱ्यात भर बाजारात कळलं. त्यांनी जुना टूथब्रश थिनरमध्ये बुडवला, मशीनच्या आणि बॅटरीच्या पट्ट्या घासल्या, वाळू दिल्या, बटण दाबलं. घर्रर्र!

"दूसरी बैटरी भी ले आओ, उसमें भी यहीच होगा."

"वो तो गई."

"अरे! कैसे?"

"बुढ़ापे से," मी म्हणालो. कुणाच्या, ते सांगितलं नाही.

आता शहाण्या माणसाने पार्लरला जाऊन सरळ चूक कबूल केली असती. मी काय केलं? मशीन अश्विनीच्या हातात दिली आणि म्हणालो, "एक वाचवली. जरा हातचं कसब लागलं." पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने धुळीच्या हातांनी माझ्या पायांना हात लावला! मागून सुमनबरोबर विहीणबाई आल्या होत्या, त्याही म्हणाल्या, "मानलं बुवा तुम्हाला." आणि मी, निर्लज्जासारखा, "असू दे, असू दे" म्हणालो.

देव बघत होता. त्याला आदल्या दिवशी मीच बोलावलं होतं.

दीड वाजता, तिसरा आरसा भिंतीवर चढला आणि बॅटरी उतरली. अश्विनीने ती चार्जरवर लावली. लाल दिवा लुकलुकला.

"बाबा, बघा ना. तुमचा हात लागला की चालेल."

हात तर आधीच लागला होता! मी चार्जर घेऊन कोपऱ्यात पाठ करून उभा राहिलो आणि नखाने खाच खरवडायला लागलो. रेखाभाभींच्या कोऱ्या पांढऱ्या काउंटरवर लाल-पिवळा भुगा पडायला लागला.

"ये क्या गिर रहा है, काकाजी?"

"गंज," मी म्हणालो.

विहीणबाईंनी तो भुगा बोटावर घेतला, उजेडात धरला आणि शांतपणे म्हणाल्या, "गंज कसला? हे मी रावेरहून आणलेलं कुंकू आहे."

पार्लरमध्ये जिकडे बघावं तिकडे मीच दिसत होतो. तीन भिंतींवर आरशात आणि चौथीकडे बघायची हिंमत नव्हती, तिथे अश्विनी उभी होती. मग मी सगळं सांगून टाकलं. पूजा, खाचा, सलीमभाई, सगळं. शेवटी म्हणालो, "पोरी, बॅटरीचं जाऊ दे, नवी आणून देईन. सकाळी तुझी अक्कल काढली, ते चुकलं माझं."

"ते आईसमोर बोललात ना? मग आईला सांगा."

मी विहीणबाईंकडे वळलो. हात जोडले. "चुकलो."

"सकाळी ती रेती बॅटरीवर टाकली मी," त्या म्हणाल्या. "जागा चुकली."

अश्विनीने भाभींकडून भुवया कोरताना लागणारा छोटा ब्रश आणि स्पिरिट घेतलं, चार्जरचा प्लग काढला, पट्ट्या घासल्या, वाळू दिल्या. परत लावला तर दिव्याचं लुकलुकणं थांबलं. पाऊण तास आम्ही सगळे त्या दिव्याकडे बघत बसलो. नंतर तिने उरलेली भोकं पाडली आणि प्रत्येक भोकाखाली धूळ झेलायला मी कागद धरून उभा राहिलो. ती एवढंच बोलली, "बाबा, नीट धरा." शेवटचा शेल्फ बसला तेव्हा चाराला दहा मिनिटं कमी होती. बहिणीच्या दुकानाचं कामही तिलाच मिळालं.

यंदाच्या दसऱ्याला पूजा अश्विनीने मांडली. मधोमध ड्रिल, दोन बॅटऱ्या, आणि त्यांच्या शेजारी, माझ्या टेस्टरच्या जागी, भुवयांचा तो ब्रश. चौतीस वर्षांच्या उस्तादाने सगळ्यांसमोर त्या ब्रशाला वाकून नमस्कार केला. मग हळदकुंकवासाठी बोट पुढे केलं, तर विहीणबाईंनी करंडा मागे ओढला आणि माझ्या तळहातावर अक्षता ठेवल्या. चारच, आणि त्याही कोरड्या.