दोन वाव पाणी

बोटीच्या सामानाच्या त्या दुकानात शिरले तेव्हाच ठरवलं होतं, आज फिश फाइंडर, म्हणजे मासे शोधायचं यंत्र, घेतल्याशिवाय लालबागला परत जायचं नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मी इतकी तयार झाले होते की दुकानदाराने परीक्षा घेतली असती तरी पास झाले असते. त्याने परीक्षा घेतली नाही. त्याने विचारलं, "साहेब किती खोल पाण्यात जातात, मॅडम?"

"कोण साहेब?" मी म्हटलं. "कयाक माझी. वल्हवते मी, मासे धरते मी, आणि बिलही माझ्याच नावाने करा."

तिथून पुढे माणूस सुतासारखा सरळ बोलला.

खरं तर मला एकटीला हे यंत्र नकोच होतं. माहीमच्या खाडीच्या तोंडाशी कुठे काय लागतं ते मला अंदाजाने कळतं, आणि नाही लागलं तर दादरच्या बाजारात कोळणी बसलेल्या असतातच. यंत्र हवं होतं ते बाबांसाठी. गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, मला त्यांनीच शिकवलं. मिलच्या सुट्टीत आम्ही मालवणला जायचो, तेव्हा छोट्या होडीतून ते दोरी खाली सोडत आणि तिच्या टोकाचं शिसं तळाला टेकलं की बोटांवरूनच सांगत, खाली चिखल आहे की दगड. मग दोरी वर ओढताना दोन्ही हात पसरून ती मोजायची. एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत एक वाव. मीसुद्धा हात पसरले की ते हसत. "माज्या वावान मोजूचा गो. तुजे हात अजून वाढूचे असत."

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. चालायला लागले, बोलायला लागले, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायलाही लागले. पण उजवा हात अर्धाच पसरतो आणि बोटांना काही लागत नाही. मी दोघांची कयाक घेतली ती त्यांना पुढे बसवायचं म्हणून. ते एकदाही आले नाहीत. "हाताक तळ कळणा नाय," म्हणाले. "थंय बसान काय करू? नुसता ओझा होतलंय तुका." मला फार राग आला होता, आणि रागाच्या आत जे होतं ते सांगायची सोय नव्हती. हा माणूस पाण्यावाचून गॅलरीत बसून संपून जाईल, हीच भीती होती.

म्हणून मी यंत्राचं बोलून बघितलं. खाली आवाज सोडतं, तो तळावरून परत आला की पडद्यावर तळ दिसतो, हाताने काही करावं लागत नाही. बाबांनी पेपरचं पान उलटलं. मग म्हणाले, "पाणी वावात सांगता काय तुजा ता मशीन?"

हा प्रश्न घेऊन मी दुकानात उभी होते. दुकानदाराने सर्वांत मोठ्या पडद्याचं यंत्र पुढे केलं. मी ते बाजूला सारलं. कयाकवर एवढं धूड बसवलं तर वल्हं कुठे मारायचं? दुसऱ्याचा पडदा दुकानात झकास दिसत होता. मी ते उचलून रस्त्यावर उन्हात नेलं, तर त्यात फक्त माझंच तोंड दिसलं. तेही बाद. तिसरं आटोपशीर होतं, उन्हात स्वच्छ दिसत होतं, आणि आकडे एवढे ठसठशीत की बाबांना चष्म्याशिवाय वाचता आले असते.

"ह्यात वाव आहे का?" मी विचारलं.

"भरपूर वाव आहे, मॅडम!" तो खुशीत आला. "पुढे मॅप टाका, मोठी बॅटरी लावा, सगळ्याला वाव आहे."

मी दुकानातच खो खो हसले. मग दोन्ही हात पसरून त्याला समजावलं, तेव्हा कुठे त्याला कळलं की मला फॅदम, म्हणजे इंग्रजी वाव, हवंय. "कोण वापरतं आता, मॅडम? फुटात ठेवा ना." मी म्हटलं, माझ्या घरी वापरतात. सेटिंगमध्ये खाली, अगदी खाली, ते होतं. मी तिथेच बदलून घेतलं आणि यंत्र पॅक करायला सांगितलं.

भांगाचे दिवस बघितले, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, पाणी निवांत. लाइफ जॅकेट घालताना बाबांनी घरातल्या सगळ्यांचा उद्धार केला, पण कयाकमध्ये पुढे बसले. यंत्र त्यांच्या पुढ्यात लावलं होतं. माशांची चित्रं मी बंद करून टाकली होती, कारण ते यंत्र प्लास्टिकच्या पिशवीलाही मासा म्हणतं. फक्त तळाची रेघ, चिखलावर पातळ आणि दगडावर जाड, आणि पाण्याचा आकडा.

ते पडद्यावर वाकले. मी खाडीच्या तोंडाकडे हळूहळू वल्हवू लागले.

"दीड," ते एकदम म्हणाले. "रेघ पातळ असा. हय चिखल. फुडे चल गो."

मी वल्हवत राहिले. आवाज तोच होता, होडीतला, हुकूम सोडणारा. मला रडू आलं आणि बरं झालं ते पुढे तोंड करून बसले होते.

"थांब! रेघ जाड झाली. हय दगड. दोन वाव पाणी. दोरी सोड."

मी वल्हं आडवं ठेवलं आणि दोरी उचलली. सवयीने त्यांच्याकडे बघितलं, मोजून देतील म्हणून. त्यांनी डावा हात पसरला, उजवा अर्ध्यावर अडकला. त्या हाताकडे त्यांनी क्षणभर बघितलं. मग मान वळवून माझ्याकडे.

"तुजे हात पसर," बाबा म्हणाले. "आता तुज्या वावान मोजूचा."

कयाक डुलली, पण मी हात पुरे पसरले आणि दोरी मोजली.